गांधीलमाशीच्या वेषांतील पतंग

खेड्यांतून शहरांत राहावयास आलेल्या कुटुंबांतील वडील मंडळींना बहुरूप्याची आठवण असेलच. सकाळच्या वेळीं खाकी पोषाख केलेला, हातांत छडी घेतलेला फौजदार दारांत उभा राहावा, त्यानें दरडावून नांवगांव विचारावें, घरांतील मुलांनीं भिऊन माजघरांत पळावें आणि थोड्याच वेळानें त्याच फौजदारानें हंसून पसाभर धान्यासाठीं झोळी पुढें करावी, असा तो प्रकार असे. सोंग जितकें हुबेहूब, तितकी बिदागी अधिक. निसर्गांतही असे बहुरूपी आहेत; मात्र त्यांची बिदागी धान्याची नसून प्राणांची असते. सोंग साधलें तर जीव वांचतो, फसलें तर तो पक्ष्याच्या चोंचींत जातो. अशा बहुरूप्यांपैकीं एकाची, आणि त्याच्या सोंगाआड चालणाऱ्या एका मोठ्या नासाडीची ही हकीकत आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं जॉर्जिया हें संस्थान सप्ताळूच्या बागांसाठीं प्रसिद्ध आहे. सप्ताळू म्हणजेच पीच. ज्याच्या पिंवळ्या फोडी पाकांत घालून डब्यांतून विकल्या जातात, तें फळ. जॉर्जियाला ‘पीचचें संस्थान’ असें टोपणनांवच पडलेलें आहे. तेथील मार्शलव्हिल गांवच्या सॅम्युएल रम्फ नांवाच्या बागाइतदारानें १८७० नंतरच्या दशकांत ‘एल्बर्टा’ ही सप्ताळूची जात निपजविली व तिला आपल्या पत्नीचें नांव दिलें. दूरचा प्रवास सोसणारें हें फळ आगगाडीनें उत्तरेकडील शहरांत जाऊं लागलें आणि दक्षिणेंतील कित्येक कुटुंबांचा चरितार्थ या एका झाडावर चालूं लागला.

अशा एखाद्या बागेंत उन्हाळ्याच्या अखेरीस दिवसाउजेडीं उभें राहिलें असतां एक किडा झाडाच्या बुंध्याभोंवतीं घिरट्या घालतांना दिसतो. अंग पोलादासारखें निळें-काळें, लांबी जेमतेम इंचभर, पोटावर रुंद नारिंगी पट्टा आणि पंखांची फडफड इतकी जलद कीं ते नजरेला ठरत नाहींत. गांधीलमाशी समजून पाहणारा हात मागें घेतो. वस्तुतः त्या किड्याला नांगी नाहीं, विष नाहीं, चावण्याजोगे दांतही नाहींत. तो एक पतंग आहे. आणि तरीही बागाइतदारानें भ्यावें असें या बागेंत दुसरें फारसें कांहीं नाहीं!

पतंग म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें रात्रीं दिव्यावर झेपावणारा, जाड अंगाचा, मळकट रंगाचा जीव येतो. त्याला चिमटींत धरलें तर बोटांना भुकटी लागते. ही भुकटी म्हणजे पंखांवर कौलांप्रमाणें एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले होत. फुलपांखरांच्या व पतंगांच्या पंखांवरील नक्षी या खवल्यांचीच असते. ते निघून गेले तर खालचा पडदा पारदर्शक दिसतो. सेसिइडी या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कुळांतील पतंगांच्या पंखांवर बऱ्याच मोठ्या भागांत खवले नसतातच. कडा व शिरा तेवढ्या रंगीत राहतात आणि मधला भाग अभ्रकाच्या पापुद्र्यासारखा स्वच्छ असतो. म्हणून त्यांना कांचपंखी पतंग म्हणावयास हरकत नाहीं. जगांत या कुळाच्या १,४०० च्या आसपास जाति नोंदल्या गेल्या आहेत. भारतांतही त्या आहेत. जॉर्ज हॅम्प्सन यांनीं १८९२ सालीं हिंदुस्थानांतील पतंगांवरील आपल्या ग्रंथाच्या पहिल्या खंडांत या कुळाला जागा दिलेली आहे.

केवळ पारदर्शक पंखांनीं सोंग पुरें होत नाहीं. गांधीलमाशीसारखें सडपातळ अंग, त्यावर पिंवळे किंवा नारिंगी पट्टे, आणि रात्रीं न उडतां भर उन्हांत उडण्याची संवय, इतकी सारी सामुग्री या कुळानें जमविलेली आहे. युरोपांत पॉप्लर झाडाच्या मुळाशीं राहणारा या कुळांतील एक पतंग तर पिंवळ्या-काळ्या पट्ट्यांमुळें इतका भयंकर दिसतो कीं जाणत्या माणसाचीही फसगत व्हावी. स्वीडनमधील क्लर्क या अभ्यासकानें १७५९ सालीं त्याचें वर्णन केलें. त्याच्या शास्त्रीय नांवांतील ‘आपिफॉर्मिस’ या शब्दाचा अर्थच ‘मधमाशीच्या आकाराचा’ असा आहे.

हें साम्य कशासाठीं, याचा उलगडा हेन्री वॉल्टर बेट्स या इंग्रज निसर्गाभ्यासकानें केला. त्यानें १८४८ ते १८५९ अशीं अकरा वर्षें दक्षिण अमेरिकेंत ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यांत घालविलीं आणि तेथील फुलपांखरांवरील आपला निबंध १८६२ सालीं प्रसिद्ध केला. त्याच्या म्हणण्याचा सारांश असा कीं, ज्या प्राण्याला विष किंवा घाण चव आहे त्याच्याशीं जो निरुपद्रवी प्राणी थोडासा मिळताजुळता असेल, त्याला पक्षी टाळतात. तो वांचतो, त्याची संतति वाढते, आणि पिढ्यान्‌पिढ्या ही निवड चालली म्हणजे साम्य अधिकाधिक बिनचूक होत जातें. अर्थात् ‘सोंग’ हा शब्द माणसाचा आहे. पतंगाला आपण कोणासारखे दिसतों याची कल्पना नसते. एकदां नांगी लागलेला पक्षी पिंवळा पट्टा विसरत नाहीं, आणि त्याच्या त्या आठवणीवर हा पतंग जगतो.

सप्ताळूच्या बागेंतील पतंगांत नर व मादी यांचे वेष निरनिराळे असतात. नराचे चारही पंख पारदर्शक असून त्याच्या पोटावर बारीक पिंवळ्या रेघा असतात. मादी त्याहून जाड. तिचे पुढील पंख निळ्या खवल्यांनीं झांकलेले, मागील पंखच काय ते कांचेसारखे, आणि पोटावर तो नारिंगी पट्टा. नवख्याला त्या दोन वेगळ्या जाति वाटाव्यात. फिलाडेल्फियाच्या थॉमस से या कीटकशास्त्रज्ञानें १८२३ सालीं या पतंगाचें वर्णन केलें व त्याला ‘एक्झिटिओसा’ म्हणजे ‘विध्वंसक’ असें विशेषण लाविलें. ‘सिनॅन्थेडॉन एक्झिटिओसा’ हें त्याचें आजचें शास्त्रीय नांव आहे.

येथें एक चमत्कारिक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. पतंग अमेरिकेचा, पण झाड अमेरिकेचें नव्हे. सप्ताळूची जन्मभूमि चीन. तेथून तो इराणांत आला, इराणांतून युरोपांत गेला, आणि सोळाव्या शतकांत स्पॅनिश लोकांबरोबर समुद्र ओलांडून अमेरिकेंत पोंचला. त्यापूर्वीं हा पतंग तेथील रानटी प्लमच्या व चेरीच्या झाडांवर निर्वाह करीत होता. सप्ताळू या झाडांचाच भाऊबंद. माणसानें या पाहुण्या झाडाच्या रांगाच्या रांगा एका ठिकाणीं लाविल्या, तेव्हां या पतंगाला जणुं सदावर्तच लागलें. रानांत दूरदूर विखुरलेलें अन्न शोधण्याचे त्याचे श्रम वांचले. कीड बहुधा अशीच वाढते. तिच्यासाठीं पंगत मांडणारा माणूसच असतो.

पण ‘विध्वंसक’ हें विशेषण पंख असलेल्या पतंगाला शोभत नाहीं. पतंग म्हणून त्याचें आयुष्य सुमारें एका आठवड्याचें. तेवढ्या अवधींत मादी नराला जवळ बोलाविते, आणि मग बुंध्यावर, क्वचित् जवळच्या गवतावर किंवा मातीवर, तपकिरी रंगाचीं मोहरीहूनही बारीक अशीं अंडीं घालते. एका मादीचीं अंडीं कित्येक शेंकड्यांत मोजावीं लागतात. आठ-दहा दिवसांत अंडें फुटतें व आंतून एक इवलीशी अळी बाहेर पडते. ती साल उतरून जमिनीलगत येते, एखादी भेग गांठते आणि सालीच्या आंत शिरते. सालीवरचा हा तिचा प्रवास फार थोड्या वेळाचा असतो. एकदां आंत गेली कीं पुढील जवळजवळ वर्षभर ती दृष्टीस पडत नाहीं. हिंवाळा ती तेथेंच काढते, वसंत ऋतूंत अधिक भूक घेऊन पुन्हां खाऊं लागते, आणि तपकिरी डोक्याची, मळकट पांढरी, सवा इंच लांबीची होते. मग बुंध्याजवळच्या मातींत आपल्याच रेशमानें भुसा व मातीचे कण सांधून कोश करते, आणि तीन-चार आठवड्यांनीं त्या कोशांतून पुन्हां एक नवी ‘गांधीलमाशी’ बाहेर पडते.

एवढ्याशा अळीनें वृक्ष मरावा कसा, हा प्रश्न साहजिक आहे. ती कांहीं मधल्या लांकडांत खोल जात नाहीं. परंतु झाडाचा जीव मधल्या लांकडांत नसून सालीच्या लगत आंतल्या बाजूस असलेल्या पातळ थरांत असतो. मुळांनीं शोषलेलें पाणी लांकडांतून वर चढतें. पण पानांनीं उन्हांत तयार केलेली साखर मुळांकडे उतरते ती सालीच्या आंतील थरांतून. त्यालाच लागून, खोडाला वर्षानुवर्षें जाड करणाऱ्या पेशींचा थर असतो. अळीचें अन्न म्हणजे नेमके हे थर. ती जमिनीच्या पातळीजवळ आडवी-तिडवी पोखरत जाते. एका बाजूस पोखरलें तर त्या बाजूचीं मुळें उपाशी पडतात. पोखरण बुंध्याभोंवतीं वर्तुळाकार पुरी झाली तर सर्वच मुळें उपाशी पडतात. नको असलेलें झाड वाळवावयाचें तर कुऱ्हाडीनें त्याच्या बुंध्यावरची साल कड्यासारखी काढून टाकतात, हें शेतीची माहिती असलेल्यांना ठाऊक आहे. अळी तेंच काम कुऱ्हाडीवांचून करते. मुळें मरूं लागलेलीं असतांही पानें कांहीं काळ हिरवीं राहतात, आणि त्यामुळें धन्याला वेळेवर इशारा मिळत नाहीं.

मोठ्या झाडाचा बुंधा रुंद असल्यानें तें कांहीं अळ्या सोसून जातें, जरी त्याची शक्ति खचते व फळ कमी होतें. पण कोंवळ्या रोपट्याचा बुंधा मनगटाएवढाही नसतो. तेथें एक-दोन अळ्याही प्राण घेण्यास पुरेशा होतात. सप्ताळूचें झाड लावल्यापासून फळ धरावयास साधारणपणें तीन वर्षें लागतात. तीन वर्षें खत, पाणी, छाटणी यांवर खर्च करावा, आतां यंदा पहिलें पीक हातीं येणार म्हणून हिशेब मांडावा, आणि त्याच वर्षीं झाडानें एकाएकीं मान टाकावी, यांतील दुःख बागेवर पोट असणारासच कळेल.

मात्र झाड अगदींच मुकें असतें असें नाहीं. जखम झाली कीं सप्ताळूचें झाड डिंक गाळतें. हा डिंक नुसताच स्वच्छ असेल तर जखम दुसऱ्या कारणानें झाली असण्याचा संभव असतो. परंतु जमिनीलगत डिंकाचे गोळे आले आणि त्यांत लांकडाच्या भुशासारखा तांबूस चुरा मिसळलेला असला, तर आंत अळी आहे अशी खूणगांठ बांधावी. कित्येकदां हा डिंक मातीखालींच राहतो. बुंध्याभोंवतालची माती बोटभर उकरून पाहिल्यावांचून तो दिसत नाहीं. फळांनीं लवलेल्या फांद्यांकडे वर पाहणाऱ्याला जें दिसत नाहीं, तें गुडघे टेकून खालीं पाहणाऱ्याला दिसतें.

या शत्रूशीं माणसानें केलेल्या झगड्याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. पहिलें हत्यार अगदीं साधें होतें: चाकू व तार. बुंध्याभोंवतालची माती काढावी, डिंक खरवडून टाकावा, अळीचा मार्ग सांपडला कीं त्यांत तार घालून ती टोंचून मारावी. दहा-वीस झाडांच्या परसबागेंत हा उपाय आजही उपयोगी पडतो. पण हजारों झाडांच्या बागेंत दर झाडाशीं अर्धा तास बसणार कोण? शिवाय अळी शोधण्याच्या भरांत चाकूनें जिवंत साल कापली गेली तर अळीनें अर्धवट सोडलेलें काम माणूसच पुरें करतो.

दुसरें हत्यार मिळालें तें कपड्यांच्या कपाटांतून, असें म्हटलें तरी चालेल. पॅराडायक्लोरोबेंझीन नांवाचे पांढरे, उग्र वासाचे स्फटिक असतात. लोंकरीच्या कपड्यांना कसर लागूं नये म्हणून ठेवावयाच्या गोळ्यांत, व न्हाणीघरांतील दुर्गंधि दडपण्यासाठीं टाकावयाच्या वड्यांत, हा पदार्थ वापरलेला असतो. अमेरिकेच्या शेतकी खात्यांतील ई. बी. ब्लेकस्ली यांनीं या अळीवर विषारी वाफांचे प्रयोग करून त्यांची पत्रिका १९१९ सालीं प्रसिद्ध केली. शरद ऋतूंत, अंडीं घालण्याचा हंगाम संपल्यावर पण जमीन गारठण्यापूर्वीं, हे स्फटिक बुंध्याभोंवतीं थोडें अंतर राखून कड्यासारखे पसरावयाचे व वर माती ओढावयाची, अशी ही रीत होती. स्फटिकांची हळूहळू वाफ होते. ती हवेपेक्षां जड असल्यानें मातींतून खालीं उतरते आणि सालीखालच्या अळीला गांठते. या उपायानें बागाइतदारांना मोठाच आधार मिळाला. परंतु स्फटिक सालीला चिकटले तर सालच भाजे, कोंवळीं रोपें दगावत, आणि जमीन फार थंड असली तर वाफच होत नसे. पुढें या पदार्थाच्या वाफेचे माणसाच्या प्रकृतीवरील परिणामही तपासले गेले, आणि आज त्याच्याकडे पूर्वींइतक्या निर्धास्तपणें पाहिलें जात नाहीं.

दुसऱ्या महायुद्धानंतर फवाऱ्यांचे दिवस आले. यांतील कल्पना निराळी होती. अळी सालीखालीं गेल्यावर तिचा पाठलाग करण्याऐवजीं, अंड्यांतून निघून सालीवर चालत असतांनाच तिला गांठावयाचें. त्यासाठीं बुंध्यावर विषाचा लेप आधींच बसलेला पाहिजे. प्रथम डी. डी. टी. वापरली गेली. ती वर्षानुवर्षें मातींत टिकते व पक्ष्यांच्या शरीरांत सांठते असें दिसून आल्यावर अमेरिकेंत १९७२ सालीं तिच्यावर बंदी आली. तिच्या मागून इतर औषधें आलीं. त्यांपैकीं क्लोरपायरिफॉस हें औषध या अळीवर फार काळ वापरांत होतें. मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो या कारणावरून २०२१ सालीं तेथील सरकारनें खाद्यपिकांवरील त्याच्या वापराला मनाई करणारा हुकूम काढला. २०२३ सालीं न्यायालयानें तो हुकूम रद्द केला. फळ वांचवावें तर खाणाऱ्याचें कसें, आणि खाणाऱ्याला जपावें तर पिकविणाऱ्याचें कसें, हा पेंच त्या वादाच्या मुळाशीं होता.

दरम्यान एक तिसरीच वाट सांपडली होती, आणि ती सांपडली पतंगाच्या अगदीं खाजगी व्यवहारांत. मादी नराला बोलाविते असें वर म्हटलें, तें आवाजानें नव्हे, गंधानें. तिच्या शरीरांतून एका द्रव्याचा अति सूक्ष्म अंश हवेंत सुटतो. माणसाच्या नाकाला त्याचा पत्ता लागत नाहीं, पण नर आपल्या मिशांनीं तो ओळखतो आणि वाऱ्याच्या उलट दिशेनें तिच्यापर्यंत येऊन पोंचतो. जेम्स टमलिन्सन व त्यांचे सहकारी यांनीं १९७४ सालीं हें द्रव्य कोणतें तें शोधून काढलें. अठरा कर्ब परमाणूंची ती एक सांखळी असून तिसऱ्या व तेराव्या जागीं दुहेरी बंध असतात. याच बागेंत या पतंगाचा एक धाकटा भाऊबंद राहतो; त्याची अळी बुंध्याच्या तळाशीं न जातां वरच्या खोडांत व फांद्यांत, जुन्या जखमांजवळ पोखरते. त्या जातीच्या मादीचें द्रव्यही जवळजवळ तेंच निघालें. परमाणु तेवढेच, त्यांचा क्रम तोच. फरक इतकाच कीं तिसऱ्या जागेवरील बंधाशीं सांखळीचें वळण एका जातींत एका बाजूस, तर दुसरींत विरुद्ध बाजूस. एकाच शब्दांत एका अक्षराची वेलांटी ऱ्हस्व कीं दीर्घ, एवढ्यावर अर्थ बदलावा तसें हें आहे. आणि एवढ्याशा फरकावर हे दोन भाऊबंद एकाच बागेंत राहूनही एकमेकांच्या माद्यांना चुकत नाहींत.

गंधाचें हें अक्षर हातीं आल्यावर माणसानें त्याचा दोन प्रकारें उपयोग केला. कृत्रिम गंध लाविलेले सांपळे टांगून त्यांत किती नर येतात हें मोजलें कीं पतंगांचा हंगाम केव्हां सुरू झाला तें कळतें, आणि फवारा अंदाजानें न मारतां वेळेवर मारतां येतो. दुसरा उपयोग याहून चतुराईचा आहे. गंध भरलेल्या बारीक नळ्या बागेंतील झाडांना बांधून ठेवल्या तर साऱ्या बागेच्या हवेंत तो गंध दरवळतो. मग नराला चहूंकडून हांका ऐकूं येतात आणि खरी हांक कोणती तें उमगत नाहीं. जत्रेच्या गर्दींत दहा ठिकाणांहून आपल्याच नांवानें कोणी पुकारलें तर माणूस जसा गोंधळून जागींच फिरत राहतो, तशी त्याची अवस्था होते. मादीची भेट होत नाहीं, फलित अंडीं घातलीं जात नाहींत, आणि एका थेंबाचेंही विष न वापरतां पुढची पिढी थांबते. सोंगें घेऊन पक्ष्यांना फसविणाऱ्या या बहुरूप्याला शेवटीं माणसानें सोंगानेंच फसविलें! मात्र ही युक्ति मोठ्या व सलग बागेंत अधिक चालते. लहान बागेंत बाहेरूनच गाभण झालेली मादी उडत येते आणि सारा बेत फसतो.

चवथें हत्यार मातींतलेंच आहे. ‘स्टायनरनेमा कार्पोकॅप्सी’ नांवाचे सूक्ष्म सूत्रकृमि जमिनीत राहतात. त्यांची लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. ते अळीच्या शरीरांत शिरतात व आपल्या आंतड्यांत बाळगलेले जंतु तेथें सोडतात. हे जंतु दोन-तीन दिवसांत अळीला मारतात आणि तिच्या शरीरावर कृमींची नवी पिढी पोसली जाते. माणसाला, जनावरांना किंवा झाडाला त्यांपासून उपद्रव नाहीं. जॉर्जियांतील बायरन येथील सरकारी प्रयोगशाळेंत या कृमींचे सप्ताळूच्या झाडांवर प्रयोग झाले व ते यशस्वी ठरले. त्यांना ओलावा लागतो. कोरड्या मातींत ते तग धरीत नाहींत. पण जेथें चाकू अडतो व फवारा पोंचत नाहीं, त्या सालीखालच्या अंधारांत हे आपण होऊन जातात, हा त्यांचा मोठाच गुण आहे.

या सर्व उपायांकडे एकत्र पाहिलें असतां त्यांतील सूत्र ध्यानांत येतें. वर्षाचे बहुतेक दिवस ही अळी सालीच्या तटबंदींत सुरक्षित असते. तिच्या आयुष्याला उघडी दारें मोजकींच आहेत: नरमादीच्या भेटीचा दिवस, अंड्यापासून भेगेपर्यंतचा प्रवास, आणि मातीला लागून असलेली तिची पोखरण. गंधाच्या नळ्या पहिल्या दारावर पहारा करितात, फवारा दुसऱ्यावर, वाफ व कृमि तिसऱ्यावर. शत्रूचें आयुष्य जों जों बारकाईनें कळत गेलें, तों तों त्याच्यावर टाकावयाचें विष कमी करतां येऊं लागलें. अज्ञानी माणूस सर्व ठिकाणीं, सर्व काळ औषध मारतो. जाणता माणूस दार कोणतें व तें कोणत्या आठवड्यांत उघडतें, एवढें पाहून तेथेंच उभा राहतो. चाकूपासून गंधापर्यंतची ही वाटचाल बळाची नसून निरीक्षणाची आहे.

म्हणून तेथील अनुभवी बागाइतदार नव्या माणसाला कांहीं साध्या गोष्टी आवर्जून सांगतात. बुंध्याला अवजाराची जखम होऊं देऊं नये. बुंध्याजवळ गवत माजूं देऊं नये. उन्हाळ्यांत व शरदांत झाडाच्या तळाची माती थोडी बाजूस करून डिंक व भुसा आहे कीं काय तें पाहावें. आणि कोंवळ्या रोपांकडे सर्वांत आधीं पाहावें, कारण तेथें उशीर झाला तर दुसरी संधि मिळत नाहीं. या गोष्टींना पैसा लागत नाहीं. लागतो तो पाठीला बांक आणि मनाला चिकाटी.

बागेंत गांधीलमाशीसारखें कांहीं घिरट्या घालूं लागलें म्हणजे अजाण माणूस भिऊन दूर सरतो आणि झाडाला एकटें सोडतो. ज्याला हें सोंग ओळखतां येतें तो भीत नाहीं. पण निर्धास्तही राहत नाहीं. तो त्या नारिंगी पट्ट्याकडे क्षणभर पाहतो, आणि मग गुडघे टेकून बुंध्याशीं बसतो.